एसी अठरावर

आई गेल्यावर तिची घटपर्णी मी महाबळेश्वरच्या मैत्रिणीकडे पोचवली. पानांच्या टोकांना सुरईसारखे घट येणाऱ्या डोंगरातल्या त्या रोपाला रात्री गारवा लागतो, म्हणून आई नागपुरात बेडरूमचा एसी अठरावर ठेवायची. बाबा कानटोपी ओढून कुरकुरायचे, "तुझ्या झाडाला सुरया लटकतील आणि मला न्यूमोनिया होईल."

परत आले, तर खोली तशीच गार. बाबा कानटोपी घालून पलंगावर बसलेले.

"बाबा, रोप तर गेलं. एसी बंद करते."

"नको."

"तुम्हीच रोज त्यावरून तिच्याशी भांडायचात ना?"

"म्हणून तर. आता बंद केला, तर मी जिंकलो असं होईल."

रिमोट हातात घेऊन मी उभी राहिले. बाबांना थंडीपासून वाचवू की आईला हरण्यापासून, काही कळेना.