गल्लीत सापडलेली पुंगळी

खुनाच्या जागी सापडलेली पिस्तुलाची रिकामी पुंगळी घेऊन इन्स्पेक्टर स्वतःच प्रयोगशाळेत आला. काडीने दात कोरत म्हणाला, "ताई, त्या गॅरेजवाल्याकडचं पिस्तूल तुम्ही मागे तपासलंत ना? पण गल्लीत पुंगळीच मिळत नव्हती, त्यामुळे तो सुटल्यातच जमा होता. काल पुन्हा शोधलं आणि देव पावला. आता जुळते म्हणून लिहा, की बसला तो जन्मभर आत."

जुळत तर होतीच. मायक्रोस्कोपखाली पुंगळीच्या बुडावरचा, गोळी उडवणाऱ्या पिनचा ठसा त्याच पिस्तुलाचा दिसत होता. खटकत होते ते तोंडाजवळचे ओरखडे. बारीक, दाट, सगळे एकाच दिशेचे. कुठल्याही पिस्तुलातून असे ओरखडे पडत नाहीत.

"गटारात लोळली असेल हो," म्हणत त्याने काडी तिच्या टेबलाच्या कडेला पुसली. "तुम्ही पण ना ताई, किती तो कीस काढता."

तिला किळस आली. टेबलाची कड कापसाने पुसून तिने दिवा तिरका केला. ओरखडे गटारातले नव्हतेच, पॉलिश पेपरचे होते. कुणीतरी काहीतरी घासून काढलं होतं. त्याखालून पुसट अक्षरं वर आली.

ती तिचीच सही होती. पिस्तूल तपासताना याच खोलीत तिने नमुन्यासाठी झाडलेल्या गोळीच्या, सुईने सही कोरून पोलीस ठाण्यात परत पाठवलेल्या पुंगळीवरची.