गोधड्यांचं छत

"भर उन्हाळ्यात पत्र्याला गोधड्या? डोकं फिरलंय तुझं!" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा घरमालकीण देशकरबाई हसल्या होत्या. भाडेकरू रत्नाने जुन्या लुगड्यांत गवत भरून गोधड्या शिवल्या आणि पत्र्याखाली ताणून बांधल्या. अकोल्याच्या उन्हात भट्टी होणारी तिची मागची खोली निवली.

तेव्हापासून बाईंच्या दुपारच्या झोपा रत्नाकडेच होऊ लागल्या. आज पडल्या पडल्या जांभई देत त्या म्हणाल्या, "खोली खाली कर. आता मीच राहीन इथे. आमच्याकडे पत्रा फार तापतो."

रत्ना कात्री घेऊन स्टुलावर चढली आणि तिने दोरी कापली. गोधडी थेट बाईंच्या अंगावर कोसळली.

"अगं, हे काय करतेस?" बाई किंचाळल्या.

"सामान आवरतेय."