बाकावरच्या दोघी

सकाळपासून शैलजा अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावरून उठत होती, काचेपर्यंत जात होती आणि पुन्हा येऊन बसत होती. आत तिची बावीस वर्षांची लेक ऋतुजा ऑक्सिजनवर होती. फुप्फुसं आणि यकृत, दोन्ही निकामी झालेली. बदलायची तर दोन्ही एकाच दात्याची हवीत. आज दाता मिळाला होता आणि नाशिकला डॉक्टर त्याची फुप्फुसं तपासत होते.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला साताऱ्याकडची एक बाई पदर मुठीत धरून बसली होती. तिच्या नवऱ्याला फक्त यकृत हवं होतं. फुप्फुसं चालली नाहीत, तरच ते त्याला मिळणार होतं. दोघींनाही हे ठाऊक होतं. इतक्या वेळात त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

दुपारी तीनला डॉक्टर येऊन शैलजासमोर थांबले. "फुप्फुसांत संसर्ग आहे. बसवता येणार नाहीत."

ती बाई रडायला लागली. शैलजाला ते पाहवेना. ती आत गेली.

"नाही जमलं ना?" ऋतुजानं विचारलं.

"नाही, बाळा."

"मग यकृत?"

"बाहेरच्या काकूंच्या नवऱ्याला."

ऋतुजानं काचेकडे बोट केलं. "एकट्याच आल्यात त्या. सकाळपासून बघतेय मी काचेतून. तू बस ना त्यांच्याजवळ."

शैलजा दारापर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. शेवटी बाहेर आली, तेव्हा त्या बाईच्या नवऱ्याला ऑपरेशनला नेलं होतं आणि ती भिंतीला टेकून उभी होती.

"बसा," शैलजा म्हणाली. "आठ-दहा तास लागतील. मी आहे."