काशगरचे आठ

"बाबा, आता चौथा शर्ट नको," उत्कर्षा म्हणाली. "ते येतीलच इतक्यात."

दादारावांनी तिसऱ्याच शर्टाची बटणं लावली. जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या कारखान्यात तीस वर्षं ॲसिडं हाताळताना त्यांना कधी भीती वाटली नव्हती. आज मात्र एका तिशीच्या पोराच्या होकारावर लग्न अडलं होतं. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या उत्कर्षाच्या आईच्या, नंदाच्या, फोटोसमोर त्यांनी मेणबत्ती लावली.

चार वाजता एर्किन आईला, गुलनिसाबाईंना, घेऊन आला. माणसं काशगरची, उइघुर मुस्लिम. पासपोर्ट चीनचा, पण कुणी चिनी म्हटलं की एर्किनच्या कपाळाला आठी पडायची. गुलनिसाबाईंनी घरी भाजलेला नान आणला होता. उत्कर्षाने नव्या साडीत चहा दिला. गुलनिसाबाई खाली मान घालून बसल्या.

"आमचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला," एर्किन जर्मनमध्ये म्हणाला. "आमच्याच घरात आम्हाला पाहुणं ठरवलं. उद्या या लग्नात आमची उरलीसुरली ओळखही पुसली गेली तर?"

"दुसऱ्यांनी लिहिलेला इतिहास आमच्याही वाट्याला आला होता," दादाराव म्हणाले. "तुमचे पूर्वज कधीकाळी बुद्धाला मानायचे, हे मी वाचलंय. पण म्हणून तुम्ही आम्हा बौद्धांचेच, असं मी म्हणणार नाही. तुम्ही कोण, ते तुम्हीच सांगायचं."

एर्किनने मान वळवली. दादारावांना वाटलं, संपलं. पाहुण्याची नजर भिंतीवर होती. तिथे दोन घड्याळं होती. एकात सव्वाचार, दुसऱ्यात सव्वाआठ.

"हे कुठलं?"

"काशगरचं."

"सरकारी हिशेबाने तिथे सव्वादहा झालेत. बीजिंगची वेळ."

"सरकारचे झाले असतील. तुमच्या घरी आठच ना?"

एर्किनचे डोळे भरून आले. "वडील असंच लावायचे. शेवटपर्यंत," तो म्हणाला आणि उठून त्याने दादारावांना मिठी मारली. "माझा होकार आहे."

उत्कर्षाने आनंदाने टाळ्या पिटल्या. दादारावांना हसावं की रडावं कळेना.

"मग आमची रीत आजच होऊ दे," एर्किन म्हणाला. त्याने वाडग्यात मिठाचं पाणी घेतलं आणि नानचा तुकडा त्यात टाकला. "नवरानवरीपैकी जो आधी पटकावेल, त्याचं घरात चालतं."

उत्कर्षाने हसत वाडगा मधोमध ठेवला आणि ती एर्किनशेजारी मागे सरून उभी राहिली.

दादाराव बाही सावरेपर्यंत गुलनिसाबाईंनी तुकडा केव्हाच पटकावला होता. नवरदेवाची बोटं नुसतीच मिठाच्या पाण्यात बुडाली.