हाताच्या अंतरावर

माझा नवरा आणि त्याच्या ऑफिसातली एक बाई मिळून जुन्या हिब्रू धर्मग्रंथाचं मराठी करतात. 'ही' लिहायचं की 'ती' यावर गाडं अडलं, की दोघं खुर्च्या सारून तो प्रसंग चक्क करून बघतात. हात पोचला तर 'ही', नाही पोचला तर 'ती'.

आज त्याचा घरी राहिलेला चष्मा द्यायला गेले, तर पहिला पुरुष पहिल्या बाईला प्रथमच बघतो, तो प्रसंग चालू होता. बाई अर्थात तीच. तिच्या खांद्याला हात लावून नवरा म्हणाला, "ही!" इतक्या वर्षांच्या संसारात तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वहिनी, खरं वाटलं का?" तिनं हसत विचारलं.

"अगदी," म्हणत मी चष्मा टेबलावर आपटला.

संध्याकाळी तिचा फोन आला. नवऱ्यानं स्पीकर लावला.

"वहिनी रागावल्या का हो? आहेत का तिथे?"

"ती ना?" कागदावरची नजर न काढता नवरा म्हणाला, "असेल आत कुठेतरी."

मी त्याच्या कपात चहा ओतत होते.