पॉइंट नव्व्याण्णव

पडद्यावर पुन्हा तांबडी ओळ आली. हिश्श्यांची बेरीज एक भरत नव्हती. नवीन पनवेलच्या त्या सेवा केंद्रात एकाच बापाची तीन लेकरं खुर्च्यांवर बसली होती : शिवा, काशिराम आणि धाकटी रंजिता. पावणेपाच वाजले होते. पाचला अर्ज बंद होणार होते. भूसंपादनात गेलेल्या बापाच्या शेताच्या बदल्यात चारशे चौरस मीटरचा भूखंड मिळायचा होता. आज वारसांची नावं लागली नाहीत, तर तो हातचा जाणार होता.

केंद्र चालवणारी नशरा घामाघूम झाली होती. एक तृतीयांश लिहायची त्या अर्जात सोयच नव्हती. दशांश हवा, तोही दोन घरांपर्यंत. तिघांना पॉइंट तेहेतीस दिले की बेरीज पॉइंट नव्व्याण्णव. काशिरामला वाटलं, यंत्र जमीन खातंय. मग नशरानं कागद ओढून भागाकारच मांडला. दहाला तीननं भागा, तीन त्रिक नऊ, बाकी एक. पुन्हा दहा, पुन्हा तीन, पुन्हा बाकी एक.

“हे कयामतपर्यंत असंच चालेल, काका,” ती म्हणाली.

उरलेला एक शतांश म्हणजे चार चौरस मीटर. एक मोटारसायकल उभी राहील एवढी जागा, पण भांडायला तेवढी पुष्कळ झाली. शिवानं बापाला अग्नी दिल्याचं काढलं. काशिरामनं सात वर्षं म्हाताऱ्याचं हगणं-मुतणं केल्याचं काढलं. आवाज चढले, रस्त्यावरची माणसं आत डोकावू लागली. रंजिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नशरानंच तोडगा सुचवला. असं अडलं की उरलेलं थोरल्याच्या नावे टाकतात, कचेरीत ते चालतं. थोरल्याचा मान म्हटल्यावर काशिराम धुसफुसत खाली बसला. तुमच्यात थोरलं कोण, असं नशरानं विचारलं. शिवा म्हणाला, मी.

रंजितानं शिवाकडे पाहिलं. थोरली चंद्रावती होती. सव्वीस वर्षांपूर्वी ती मोरा बंदरातल्या एका होडीवाल्याबरोबर निघून गेली आणि बापानं जिवंत लेकीच्या नावानं आंघोळ केली. जो तिचं नाव काढील त्याला या घराचं दार बंद, असं तो सांगून ठेवून गेला. कालच तिघांनी प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या, वारस तीनच म्हणून. सही करताना रंजिताचा हात अडखळला, तेव्हा शिवानं बापाचेच शब्द तिला पुन्हा ऐकवले. नवरा गेल्यापासून ती त्याच घरात राहत होती. दुसरं छप्पर तिला नव्हतं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. ती उठून उभी राहिली.

“थोरली चंद्राबाय हाय,” ती नशराला म्हणाली. “आमी तिघं नाय, चौघं.”

नशराची बोटं थांबली. हे ऐकल्यावर आपण तीन नावांचा अर्ज भरणार नाही, असं तिनं स्वच्छ सांगितलं. प्रतिज्ञापत्र नवं करून नंतर जोडता येईल, नाव मात्र आजच घालायला हवं. भावांच्या होकाराची वाट न बघता तिनं चौथं नाव घातलं. प्रत्येकी पॉइंट पंचवीस. बेरीज एक भरली. काशिराम पडद्याकडे बघतच राहिला.

एक रकाना तेवढा रिकामा होता, चंद्रावतीच्या मोबाइल नंबरचा; तो भरल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता. पाचला तीन मिनिटं होती. रंजिताला नंबर ठाऊक नव्हता. आठ वर्षांपूर्वी मोऱ्याच्या धक्क्यावर तिनं बहिणीला लांबून पाहिलं होतं, हाक मारायचा धीर झाला नव्हता. आपलं घर गेलं आणि तिलाही काही मिळालं नाही, या विचारानं तिला रडू फुटलं.

शिवानं खाली बघतच, कुठेही न अडखळता, दहाही आकडे सांगितले.