नावं पुसलेल्या मुलाखती

संशोधिकेला डॉक्टरेट मिळाली. मिळालीच नसती तर बरं झालं असतं, असं आता तीच म्हणते. कॅमेऱ्यासमोर देह विकणाऱ्या बायकांवरचा तिचा प्रबंध ती शिकवते त्याच विभागाने कौतुकाने पहिल्या वर्षाच्या वर्गाला वाचायला लावला आणि त्यातलीच एक बाई दारात उभी राहिली. “माझी मुलाखत काढून टाका, मॅडम. लेकीने तुमच्याच वर्गात प्रवेश घेतलाय.” “ताई, नियमाप्रमाणे नावं पुसली, गावं बदलली. तुमची कुठली, मलाच कळत नाही.” बाईने चष्मा लावून सगळ्या मुलाखती वाचल्या. “सगळ्या माझ्याच वाटतात की हो!” “मग लेकीला तरी कशी कळेल?” “आपली बोलण्याची ढब आपल्याला कळत नसते. पोरीला पहिल्याच ओळीत कळेल.” प्रबंध मागे घ्यायची नियमात सोय नव्हती. संशोधिकेने विभागप्रमुखांना अर्ज लिहिला: ‘विद्यार्थिनींना आपापल्या आईचे बोलणे ओळखता येऊ नये, अशी व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती.’